तरंगणं, बुडणं आणि मधलं काहीतरी

भाच्याने तारकर्लीला स्कूबाचा पहिला कोर्स केला, मग अंदमानला जाऊन दुसरा केला, आणि आता त्याला स्वतःचं सामान घ्यायचे वेध लागलेत. मास्क झाला, फिन्स झाल्या, आता गाडी बीसीडीपाशी अडली आहे. "मामा, जॅकेट घेऊ की विंग?" हा त्याचा प्रश्न. त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या ताईचा, प्रश्न वेगळा. "ते घातलं की पोरगं बुडणार नाही ना रे?"

दोघं एकाच वस्तूविषयी विचारतायत. पण गंमत अशी की हे दोन प्रश्न मुळात दोन वेगळ्या वस्तूंचे आहेत. मध्ये एक काळ असा आला की दोन्हींचं उत्तर एकाच पिशवीत सामावलं, आणि नंतर हळूहळू ताईचा प्रश्न त्या पिशवीतून गळून पडला. कसा, ते सांगायला फोन पुरला नसता. म्हणून इथेच लिहितो, म्हणजे पाण्याच्या वाटेला न जाणाऱ्या मंडळींनाही वाचता येईल.

आधी ही वस्तू काय ते सांगतो. बीसीडी म्हणजे बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस. दिसायला बिनबाह्यांच्या जाकिटासारखं असतं. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायची सोय असते आणि आत एक हवाबंद पिशवी असते. डाव्या खांद्यावरून एक नळी पुढे येते, तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत शिरते, दुसरं दाबलं की बाहेर पडते. बस्स, एवढंच. हवा भरली की वर, सोडली की खाली, आणि नेमकी हवी तेवढी ठेवली की वरही नाही आणि खालीही नाही. पाण्यात अधांतरी.

हे अधांतरी राहणं माणसाला फार उशिरा जमलं. तरंगणं आणि बुडणं मात्र पूर्वापार येत होतं.

तरंगण्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. आमच्या आधीच्या पिढीतली कितीतरी माणसं पाठीला सुकलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. भोपळा नसेल तर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. नदी ओलांडायला असे भोपळे एकत्र बांधून जी तराफ्यासारखी वस्तू करत तिला सांगड म्हणत. आज आपण दोन गोष्टींची 'सांगड घालतो' तेव्हा त्या भोपळ्यांची आठवणही कुणाला होत नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरुदच्या राजवाड्यातला एक कोरीव दगडी पट आहे. अश्शूरचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. त्यात काही माणसं फुगवलेली कातडी पिशवी छातीखाली धरून नदी पार करताना दिसतात. पिशवीचं तोंड त्यांच्या तोंडाजवळ आहे. डायव्हिंगच्या इतिहासावरच्या कित्येक लेखांत हे चित्र 'जगातले पहिले पाणबुडे, पाण्याखाली पिशवीतून श्वास घेताना' म्हणून छापलेलं असतं. पण एक मोठी फुगलेली पिशवी छातीशी धरून पाण्याखाली जायचा प्रयत्न करून बघा. जमणारच नाही. बकऱ्याच्या आख्ख्या कातड्यात मावते तेवढी हवा माणसाला बुचासारखी वर ठेवते. ते सैनिक नदी ओलांडतायत, आणि हवा निसटली तर फुंकता यावी म्हणून पिशवीचं तोंड जवळ ठेवलंय. म्हणजे हे जगातलं पहिलं स्कूबा नव्हे. फार तर तोंडाने फुंकायच्या लाइफ जॅकेटचा हा खापरपणजोबा. :)

बुडायची तऱ्हा याच्या बरोबर उलट. मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे दोराला बांधलेल्या जड दगडावर पाय ठेवून तळाशी जात. दगड खाली नेई, वरचे सोबती दगड ओढून घेत, आणि श्वास संपत आला की पाणबुड्याला दोराने वर घेत. पुढे १८३७ च्या सुमारास ऑगस्टस सीब याने लंडनमध्ये तांब्याचं शिरस्त्राण आणि हवाबंद पोशाख असा तो प्रसिद्ध डायव्हिंग ड्रेस बनवला. त्यात हवा वरून पंपाने येई. अंगात हवेचा फुगा झालेला, त्यामुळे बुडायला छातीवर शिशाचे ठोकळे आणि पायात शिशाच्या तळव्यांचे बूट. हा माणूस तळावर चालायचा. पोहणं त्याच्या नशिबात नव्हतं. आणि पोशाखात हवा प्रमाणाबाहेर साठली तर तो फुगून थेट वर उसळायचा, हीच त्याची मोठी भीती.

मधली अवस्था कागदावर मांडणारा एक जण मात्र होऊन गेला. जोव्हानी बोरेल्ली नावाचा इटालियन विद्वान. प्राण्यांच्या हालचालींवरचं त्याचं पुस्तक तो १६७९ च्या अखेरीस वारल्यावर निघालं. त्यात त्याने एक पाणबुड्या कल्पिला होता. त्याच्याजवळ दट्ट्या असलेली नळी. दट्ट्या आत ढकलला की आतली हवा दाबली जाऊन माणूस जड, बाहेर ओढला की हलका. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचीच ही नक्कल. (आपल्याकडे घोळ माशाची हीच पिशवी 'बोत' म्हणून सोन्याच्या भावाने जाते!) त्या नळीने काम झालं नसतं, पण विचार पक्का होता. शरीराचं वजन तेच ठेवायचं आणि आकारमान बदलायचं. आजचं बीसीडी नेमकं हेच करतं.

आता एकदम १९४३. फ्रान्सवर जर्मनांचा ताबा आहे. नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि इंजिनियर एमिल गान्यां यांनी पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढी हवा देणारा व्हॉल्व्ह जमवला आणि पाठीवर सिलिंडर घेऊन माणूस पहिल्यांदा मोकळेपणाने पाण्याखाली पोहू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुस्तोचा मित्र फ्रेदेरिक द्युमा ६२ मीटरपर्यंत जाऊन आला.

यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे यांच्यापैकी कुणाच्याही अंगात बीसीडी नव्हतं. तशी वस्तूच नव्हती. कुस्तोचा १९५६ चा 'द सायलेंट वर्ल्ड' हा चित्रपट पाहिलात तर दिसेल, उघड्या अंगावर पट्टे, पाठीवर सिलिंडर, कमरेला थोडं शिसं, आणि बाकी सगळा तोल फुफ्फुसांवर. मोठा श्वास घेतला की दोनेक लिटर आकारमान वाढतं, म्हणजे जवळपास दोन किलो उचल मिळते. सोडला की तेवढं वजन परत येतं. उबदार पाण्यात, उघड्या अंगाने पोहणाऱ्याला एवढं पुरतं.

मग घोटाळा कुठे झाला? थंडीने केला. :)

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला ह्यू ब्रॅडनर नावाचा पदार्थशास्त्रज्ञ होता. पूर्वी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला माणूस. १९५०-५२ च्या दरम्यान त्याने निओप्रीन या फेसाळ रबराचा वेटसूट बनवला. या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले असतात, आणि तेच अंगाची ऊब धरून ठेवतात. थंड पाण्यात तासभर राहता येऊ लागलं. पण बुडबुडे म्हणजे वायू, आणि वायूला बॉइलचा नियम लागू. १६६२ सालचा तो शाळेतला नियम, दाब दुप्पट झाला की आकारमान निम्मं. समुद्रात १० मीटर खाली दाब दुप्पट होतो, २० ला तिप्पट, ३० ला चौपट.

म्हणजे काय होतं बघा. जाड सूट घालून तुम्ही पृष्ठभागावर उभे आहात. सूट तुम्हाला समजा ६ किलोने वर उचलतोय. ते मारायला कमरेला ६ किलो शिसं लावलंत. वजन बरोबर जुळलं. आता खाली जा. सूट चेपत जातो, त्याची उचल कमी होते. ३० मीटरवर त्यातली बरीचशी नाहीशी झालेली असते, पण शिसं तेवढंच आहे. तुम्ही आता तीन-चार किलोने जड आहात आणि आणखी खाली जाताय. जितके खाली तितके जड, आणि जितके जड तितके खाली. फुफ्फुसांच्या दोन लिटरांनी हे भागत नाही.

शिवाय दुसऱ्या बाजूने सिलिंडर हलका होतोय. आपण हवेला वजन नसल्यासारखं बोलतो, पण ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला साधारण २,२०० लिटर हवा असते, आणि लिटरला १.२ ग्रॅम धरले तर ती अडीच किलोच्या वर भरते. डाइव्ह संपताना यातलं बरंचसं वजन बुडबुडे होऊन निघून गेलेलं असतं. थोडक्यात, सुरुवातीला, खोलवर आणि शेवटी तुमचं पाण्यातलं वजन तीन वेगवेगळं. शिसं मात्र सकाळी बांधलं तेवढंच.

म्हणजे बदलती हवा लागणार हे ठरलं. पण ती पिशवी तयार कुठून आली? ताईच्या प्रश्नातून आली.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या पीटर मार्कसने १९२८ मध्ये फुगवायच्या लाइफ जॅकेटचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना अशाच जॅकेटांनी तारलं. फुगल्यावर छातीवर जे दिसायचं त्यावरून वैमानिकांनी त्याला मे वेस्ट या नटीचं नाव ठेवलं. यात कार्बन डायॉक्साइडची छोटी नळकांडी असायची. दोरी ओढली की सुई भोक पाडते आणि जॅकेट फुगतं. पुढे डायव्हर लोकांनी हीच कल्पना गळ्यात घातली. वर आल्यावर दमलात, ओढली दोरी.

पण पाण्याखाली हिचा उपयोग किती? १६ ग्रॅमचं नळकांडं पृष्ठभागावर ८-९ लिटर वायू देतं. म्हणजे ८-९ किलोची उचल, फार झाली. ३० मीटरवर तोच वायू दोन लिटरांच्या आसपास. म्हणजे जिथे सर्वांत जास्त गरज तिथे सर्वांत कमी. त्यात खाऱ्या पाण्याने यंत्रणा गंजते. आणि पुन्हा भरायची सोय नाही.

हा पेच फ्रान्समध्ये मोरिस फेंझीने १९६१ मध्ये सोडवला. त्याने गळ्यात अडकवायची पिशवी केली आणि तिला नळकांड्याऐवजी हवेची एक छोटी बाटली जोडली, जी प्रत्येक डाइव्हच्या आधी मोठ्या सिलिंडरमधून भरून घ्यायची. पाहिजे तेवढीच हवा सोडता येऊ लागली, तोंडाने फुंकताही येई, आणि जास्त झाली तर काढता येई. घोडागाडीच्या घोड्याच्या गळ्यात असतो तशा आकाराची म्हणून इंग्रजीत तिला हॉर्स कॉलर म्हणू लागले. आणि 'फेंझी' हे तर कित्येक वर्षं त्या वस्तूचंच नाव झालं, आपल्याकडे वनस्पती तुपाचं 'डालडा' झालं तसं.

मी वर म्हटलं तो काळ हाच. फेंझीची पिशवी एकाच वेळी दोन्ही प्रश्नांना उत्तर देत होती. पाण्याखाली तोल सांभाळायची, आणि वर आल्यावर, माणूस बेशुद्ध असला तरी, त्याचं तोंड आकाशाकडे ठेवायची. कारण हवा छातीवर आणि मानेभोवती असायची. शरीराचा जड भाग खाली, फुगा पुढे, त्यामुळे माणूस आपोआप उताणा. सिलिंडरमधली हवा संपली तर याच पिशवीतून चार श्वास घेत वर यायचं शिक्षणही तेव्हा देत. पोटाच्या ताईला सांगता आलं असतं, हो, पोरगं तरंगेल.

तक्रारी मात्र होत्या. ती पिशवी गळ्यात लोंबायची, दोन मांड्यांमधून पट्टा घ्यावा लागे, नाहीतर फुगल्यावर कानापर्यंत वर सरकायची. पाण्याखाली छाती वर आणि पाय खाली असं तिरकं पोहावं लागे. आणि सिलिंडरचे पट्टे वेगळे, पिशवीचे वेगळे, शिशाचा पट्टा तिसरा. संकटात कुठलं बकल कशाचं हे चाचपडत बसा.

म्हणून सत्तरच्या दशकात जॅकेट आलं. स्कूबाप्रो कंपनीचं स्टॅबिलायझिंग जॅकेट त्यातलं सर्वांत गाजलेलं. सिलिंडरचा पट्टा, पिशवी, सगळं एकाच जाकिटात शिवलं. हवा खांद्यांवरून, काखेखालून, पोटाभोवती फिरू लागली. त्याच सुमारास सिलिंडरच्या रेग्युलेटरपासून थेट पिशवीपर्यंत नळी आली आणि अंगठ्याने बटण दाबून हवा भरायची सोय रुळली. तोंडाने फुंकायची कसरत संपली. ज्याने आयुष्यात कधी पाण्यात उडी मारली नाही, तोही आठवड्यात डायव्हर होऊ लागला. आज मालवणपासून मालदीवपर्यंत भाड्याच्या सामानात बहुतेक ठिकाणी जे मिळतं, ते या जॅकेटचंच पोरबाळ.

पण या सोयीत काय गेलं? जॅकेटमधली हवा छातीवरून पसरून काखेत आणि पाठीत गेली. शुद्धीवरच्या माणसाला ते पाण्यावर मजेत उभं धरतं. बेशुद्ध माणसाचं तोंड वर राहीलच अशी खात्री मात्र राहिली नाही. हे माझं मत नाही. युरोपात या वस्तूंसाठी ईएन १८०९ नावाचं मानक आहे, आणि त्यानुसार वस्तूवर सूचना असते की हे लाइफ जॅकेट नव्हे, पृष्ठभागावर डोकं वर राहील याची हमी हे देत नाही. पुढच्या वेळी बीसीडी हातात आलं तर आतलं लेबल वाचून बघा. ताईचा प्रश्न गळून पडला तो इथे.

आता भाच्याची विंग. ती समुद्रात जन्मली नाही. ती जन्मली फ्लोरिडातल्या चुनखडीच्या गुहांत.

उत्तर फ्लोरिडात जमिनीखाली पाण्याने भरलेली मैलोन्मैल भुयारं आहेत. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण तळाशी पिठासारखा गाळ. फिनचा एक फटका चुकून तळाला लागला की मिनिटभरात हात दिसेनासा होतो, आणि वर दगडी छत. सरळ वर येणं हा पर्यायच नाही. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे बरीच माणसं गेली. शेक एक्सली या गुहा-डायव्हरने अशा अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. प्रवेशापासून अखंड दोरी ठेवा, हवेचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना आणि उरलेला संकटासाठी, असे नियम त्याने त्यात मांडले. तो स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन इथे अतिखोल डाइव्हमध्ये गेला.

अशा ठिकाणी पाय खाली लोंबत ठेवून पोहणं म्हणजे आत्महत्या. आडवं, जमिनीला समांतर राहता आलंच पाहिजे. सुरुवातीला काही जण प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या अंगाला बांधून तोल साधायचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पाठीला धातूची सपाट पट्टी, तिच्यात ओवलेला एकच अखंड नायलॉनचा पट्टा, आणि पट्टी व सिलिंडरच्या मध्ये पंखासारखी पसरणारी हवेची पिशवी, अशी रचना तिथल्या मंडळींनी पक्की केली. विल्यम हॉगार्थ मेन हा त्यातला एक. अनावश्यक ते सगळं काढून टाका, हे त्याचं सूत्र. हवा पाठीवर, शिसं आणि धातूही जवळच, छाती मोकळी. माणूस आपसूक आडवा राहतो. हीच विंग.

मात्र हीच विंग घालून पृष्ठभागावर या आणि गरजेपेक्षा जास्त फुगवा. हवा पाठीमागे, त्यामुळे ती तुम्हाला पुढे ढकलते. जागा माणूस जरा मागे रेलून बसतो आणि काही होत नाही. बेशुद्ध माणसाचं काय होईल ते सांगायला नको. गुहेतल्या माणसाला ही काळजी नव्हती. त्याच्या डोक्यावर पृष्ठभागच नव्हता!

तर ही तिन्ही पिशव्यांची कुळकथा. फेंझीची पिशवी बुडण्याच्या भीतीतून आली, जॅकेट गोंधळाच्या भीतीतून आणि विंग गाळाच्या भीतीतून. ज्याने त्याने आपल्या भीतीचं उत्तर शिवलं. म्हणून 'सर्वांत चांगलं कुठलं' याला उत्तर नाही. तुला कुठल्या पाण्यात उतरायचंय, एवढंच विचारता येतं.

भाच्या, तुझ्यापुरतं सांगतो. कोकण, गोवा, अंदमान इथे पाणी उबदार, सूट पातळ, सिलिंडर एक. तुला १२-१४ किलोची उचल भरपूर झाली. त्याहून मोठी पिशवी म्हणजे अंगावर नुसतं कापड. होडीवरून डाइव्ह करून लाटांत वाट बघत बसायचं असेल, नवख्यांना सोबत न्यायचं असेल, तर अंगाला घट्ट बसणारं साधं जॅकेट काही वाईट नाही. फोटो काढायचेत, पोवळ्यांवर तरंगत तासभर एक मासा न्याहाळायचाय, पुढे आणखी शिकायचंय, तर प्लेट आणि छोटी विंग घे, आणि पृष्ठभागावर ती कमी फुगवायची सवय लावून घे. विमानाने नेणार असशील तर ॲल्युमिनियमची प्लेट, स्टीलची नको. काहीही घेतलंस तरी दुकानात ते फुगवून घाल. फुगल्यावर श्वास घेताना छाती आवळली तर ते तुझं माप नव्हे. हवा सोडायची दोरी डोळे मिटून सापडली पाहिजे, खांद्यावरची आणि मागची, दोन्ही. आणि वापरून झालं की आतूनही गोड्या पाण्याने धू. भरायच्या बटणात मीठ साठलं तर ते अडकतं, आणि अडकलेलं बटण म्हणजे पुन्हा सीबच्या पाणबुड्यासारखं उसळणं.

आणि ताई, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर पिशवीत नाही, शिशात आहे. डायव्हिंगच्या अपघातांचे अहवाल वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस सापडतो तेव्हा त्याच्या कमरेचं शिसं तसंच असतं. एक बकल उघडलं असतं तर तो वर आला असता, पण ते उघडायचं सुचलेलं नसतं. त्यामुळे बीसीडीचा रंग आणि कंपनी विचारण्याआधी त्याला हे विचार, की शिसं एका हाताने, न बघता टाकता येतं का? आणि मुळात किती शिसं लावतोस?

कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. खाली जाता येत नाही म्हणून नवखा माणूस चार किलो जास्त लावतो. समजा तो २० मीटरवर गेला. ते चार किलो तोलायला पिशवीत चार लिटर हवा जास्त. आता तो वर यायला लागला. १० मीटरवर तीच हवा सहा लिटर होते, आणि सोडली नाही तर पृष्ठभागाला येता येता बारा लिटर. शिसं जास्त म्हणजे हवा जास्त, आणि हवा जास्त म्हणजे वर उसळायची भीती जास्त. ज्याला तो सुरक्षिततेसाठी लावलेलं वजन समजतो, तेच त्याला फुग्यासारखं वर फेकतं. याचा उपाय साधा आहे. सिलिंडर जवळपास रिकामा असताना, पिशवीतली सगळी हवा काढून, नेहमीसारखा श्वास धरून पाण्यात उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. तेवढंच शिसं आपलं. हे जमलं की कुठलंही बीसीडी चांगलं, नाही जमलं की कुठलंही वाईट.

मालवणजवळचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे पोवळं आहे ते बोटाच्या पेराएवढं वाढायला कित्येक वर्षं घेतं आणि एका गुडघ्याखाली क्षणात मोडतं. पर्यटकांना पहिल्यांदा पाण्यात नेतात तेव्हा त्यांच्या पिशवीची बटणं सोबतच्या प्रशिक्षकाच्या हातात असतात, ते बरंच आहे. पण पुढे कधी हातात बटण आलं, तर त्यासोबत खालच्या जिवांची जबाबदारीही आली. अधांतरी राहण्याचा खरा फायदा बहुधा आपल्याला नाही, त्यांना आहे.

जाता जाता एक विनंती. आपल्या घरात भोपळ्यावर किंवा डब्यावर पोहायला शिकलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. भोपळा किती मोठा घ्यायचा, तो कुठे बांधायचा, छातीवर की पाठीवर, आणि कोणत्या दिवशी तो सोडून द्यायचा, हे त्यांना नक्की माहीत आहे. कुणीतरी विचारून लिहून ठेवा. मलाही कळवा. फेंझीच्या पेटंटची नोंद कुठेतरी आहे, पण या भोपळ्यांचं पेटंट कुणी घेतलेलं नाही.